डब्यातले पाच चाकू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण या लेखातली बरीचशी माहिती मी त्या चुकीनंतर मिळवली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आजीच्या लोखंडी कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात घडीचे पाच चाकू आहेत. घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मिटून मुठीत बसते तो. पाचांपैकी सर्वांत कळकट चाकू माझ्या पणजोबांचा. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. चाकू त्यांनी तिकडूनच आणला, असे घरात सगळे सांगतात. काळी मूठ, काळवंडलेले पाते. शाळेत आम्ही बेल्टचे बक्कल रोज चमकवतो, तीच सवय हाताला लागलेली. मी पॉलिश पेपर आणि ब्रासो घेऊन बसलो आणि दोन तासांत पाते आरशासारखे केले. आजीने शेजारच्या काकूंनाही बोलावून दाखवले.

सुट्टी संपल्यावर शाळेच्या वर्कशॉपमधल्या उस्तादांना मी हे मोठ्या फुशारकीने सांगितले. ते फौजेत असताना हत्यारांच्या दुरुस्तीचे काम करायचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जड़ पे क्या लिखा था?" पात्याच्या मुळाशी काय लिहिले होते? मला उत्तर देता आले नाही. काहीतरी बारीक अक्षरे होती, एवढेच आठवत होते. ती मीच घासून काढली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा डबा विकायची बोलणी चालली होती. गावात जुनी तांब्या-पितळेची भांडी विकत घेणारा एक माणूस येतो. त्याने पाचही चाकूंचे मिळून २,००० रुपये देऊ केले होते. विहिरीवरची मोटार जळली होती, त्यामुळे काकांना व्यवहार पटला होता. आजी मात्र म्हणाली, "पोरगा सुट्टीला येऊ दे. मिलिटरी शाळेत आहे, त्याला कळतं त्यातलं."

मला त्यातले फारसे कळत नव्हते. पण मधल्या सहा महिन्यांत उस्तादांकडून आणि लायब्ररीतल्या पुस्तकांतून जे काही शिकलो होतो, ते घेऊन मी डब्यापाशी बसलो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबा फौजेत होते. असा एखादा डबा तुमच्याही घरी असेल. म्हणून जे केले ते क्रमाने सांगतो.

आधी हात आवरा

चाकू घरातल्या मोठ्या माणसासमोरच उघडावेत. जुनी कमान कधी घट्ट झालेली असते, तर कधी अचानक सैल पडते आणि पाते बोटावर मिटते. पात्यावर नख अडकवायची एक खाच असते. तिथूनच उघडायचे आणि बोटे धारेच्या वाटेत ठेवायची नाहीत. पाते अडकले असेल तर जोर न करता सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

लागणाऱ्या वस्तू चारच : भिंग, पट्टी, मऊ सुती कापड आणि वही. घासायचे काहीही जवळ ठेवू नका. प्रत्येक चाकूचे मिटलेला आणि उघडलेला असे फोटो घ्या. अक्षरे पुसट असतील तर टॉर्च बाजूने, अगदी तिरपी धरा. समोरच्या प्रकाशात न दिसणारे अक्षर तिरप्या प्रकाशात सावलीमुळे उठून दिसते. ही युक्ती उस्तादांनी शिकवली.

वहीत मी प्रत्येक चाकूसाठी तीन रकाने आखले : "दिसते", "सांगतात" आणि "वाटते". भिंगातून वाचता आले ते पहिल्या रकान्यात, घरच्यांनी सांगितलेले दुसऱ्यात, माझा अंदाज तिसऱ्यात. हे तिन्ही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा या सगळ्या कामातला मुख्य नियम आहे. तो किती अवघड आहे हे शेवटी कळेल.

पात्याचे मूळ वाचा

पात्याचा जो जाड भाग सांध्याजवळ असतो आणि ज्याला धार नसते, तिथे बनवणाऱ्याचा शिक्का असतो. नाण्यावर जसे साल आणि टांकसाळीची खूण असते, तसेच हे. पाच चाकूंचे शिक्के पाच तऱ्हेचे निघाले.

पहिला चाकू अमेरिकेचा. आजोबांचे चुलतभाऊ तिकडे नोकरीला होते, त्यांनी तो आणला होता. दोन लांब पाती, पिवळसर तपकिरी हाडाची मूठ. पात्यावर "केस" या कंपनीचे नाव. ही कंपनी साल उघडपणे लिहीत नसे. १९७० साली तिने नावाखाली दहा ठिपके ठोकले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, असे करत १९७९ ला एकच ठिपका उरला. १९८० पासून पुन्हा दहाने सुरुवात झाली, पण तेव्हा नावातले 'एस' अक्षर विजेच्या रेषेसारखे नागमोडी केले, म्हणजे दोन्ही दशकांची गल्लत होत नाही. १९७० च्या आधीच्या चाकूंवर ठिपके नसतात. आमच्या चाकूवर भिंगातून सात ठिपके मोजता आले आणि 'एस' साधा होता. म्हणजे साल १९७३.

त्याच चाकूवर ६२५४ हा आकडाही आहे. मला आधी तो अनुक्रमांक वाटला होता. प्रत्यक्षात ते चाकूचे वर्णन आहे. पहिला अंक मुठीचा : ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे सांबरासारख्या हरणाचे शिंग. दुसरा अंक पात्यांचा : दोन पाती. उरलेले ५४ हा आकाराचा क्रमांक. या आकाराला तिकडे "ट्रॅपर" म्हणतात. हा आकडा चाकूशी जुळतो का ते तपासायचे. आकडा हाड सांगत असेल आणि मूठ प्लॅस्टिकची असेल, तर मूठ नंतर बदललेली असू शकते.

दुसरा चाकू स्वित्झर्लंडचा, लाल मुठीचा. असा चाकू सगळ्यांनीच पाहिलेला असतो. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख या गावी कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्या सैनिकी चाकूत पेचकस होता, कारण सैन्याच्या नव्या रायफलीची खोलाखोल करायला तो लागत असे. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू निघाला. आजचा लाल चाकू त्याच घराण्यातला. १९०९ मध्ये एल्सनर यांची आई वारली, तेव्हा त्यांनी तिचे "व्हिक्टोरिया" हे नाव कारखान्याला दिले. पुढे न गंजणारे पोलाद आले. त्याला फ्रेंचमध्ये "इनॉक्स" म्हणतात. १९२१ पासून दोन्ही शब्द जोडून "व्हिक्टोरिनॉक्स" झाले. म्हणून पात्यावर नुसते "व्हिक्टोरिया" असेल तर तो चाकू शंभर वर्षांच्या आसपासचा, आणि "व्हिक्टोरिनॉक्स" असेल तर त्यानंतरचा. आमच्यावर दुसरे नाव आहे.

स्विस सैन्याला चाकू देणारी "वेंगर" नावाची दुसरी कंपनीही होती. २००५ मध्ये ती व्हिक्टोरिनॉक्सने विकत घेतली. मुठीवरचा क्रॉस ढालीच्या आकारात असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, गोल कोपऱ्यांच्या चौकोनात असेल तर वेंगर. सैनिकांना मिळणाऱ्या चाकूंवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. दुकानात विकल्या जाणाऱ्या लाल चाकूंवर ते नसतात.

तिसरा चाकू आजीच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान. मखमली कापडात गुंडाळलेला, लहानसा, पांढऱ्या मुठीचा. "साहेबाने दिलेला रॉजर्सचा चाकू" असे त्याचे घरातले नाव. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावची "जोसेफ रॉजर्स अँड सन्स" ही कंपनी एकेकाळी जगात प्रसिद्ध होती. चांदणी आणि माल्टाचा क्रॉस ही तिची खूण १७६४ पासूनची. पत्ता नंबर ६, नॉरफोक स्ट्रीट. राजघराण्याला चाकू पुरवत असल्यामुळे मुकुटाच्या दोन्ही बाजूंना राजाची आद्याक्षरे असत. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'ई आर' म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. 'जी आर' असेल तर बहुधा पाचवा किंवा सहावा जॉर्ज, म्हणजे १९१० नंतर.

मी भिंग लावले. नाव होते, पण त्यात 'डी' हे अक्षर नव्हते. खऱ्या कंपनीच्या इंग्रजी नावात 'जी'च्या आधी 'डी' असतो. चांदणी होती, क्रॉस नव्हता. पत्ता नव्हता. हा नकली चाकू होता. अशा नकला त्या काळी पुष्कळ झाल्या, कारण नावाला किंमत होती. शेफील्डचे नाव ठोकलेला परदेशी माल इतका येऊ लागला, की १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. "मेड इन जर्मनी" हे शब्द मालावर येऊ लागले ते त्यातूनच.

दोन सोप्या कसोट्या इथेच सांगतो. पात्यावर "स्टेनलेस" लिहिले असेल तर तो चाकू १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण त्या साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी ते पोलाद तयार केले. आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला. त्यामुळे "इंग्लंड" असा ठसा असलेला चाकू बहुतेक त्यानंतरचा असतो.

चौथा चाकू गावच्या लोहाराने केलेला. त्याच्यावर काहीच लिहिलेले नाही. आजोबा त्याने कलमे करायचे. वहीत पहिला रकाना जवळजवळ रिकामा, दुसरा भरलेला.

पाचवा पणजोबांचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

मूठ कशाची आहे?

हाड, शिंग, हस्तिदंत, लाकूड, प्लॅस्टिक अशा अनेक मुठी असतात. भिंगातून हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. त्या मूळच्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंतात तशी छिद्रे नसतात. आडव्या कापलेल्या भागावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. प्लॅस्टिक एकसारखे आणि हाताला कोमट लागते.

हे ओळखणे किमतीपेक्षा कायद्यासाठी महत्त्वाचे आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. एके काळी जगभरच्या चाकूवाल्यांना मुठीसाठी भारतातले सांबरशिंग लागे. आपल्या देशाने त्याची निर्यात थांबवली. म्हणून अशा मुठीचा चाकू घरात निघाला तर विकायचा विचार करण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारावे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आमच्या तिसऱ्या चाकूच्या पांढऱ्या मुठीवर काळे ठिपके स्पष्ट दिसले. हाड. आजीला मी आधी हे सांगितले, कारण ते सोपे होते. नाव खोटे असल्याचे सांगायला संध्याकाळ उजाडावी लागली.

अवस्था पाहणे

शिक्क्यावरून चाकू कोणता आणि कधीचा हे कळते. त्याची किंमत मात्र अवस्थेवर ठरते. संग्राहक या गोष्टी पाहतात :

पाते किती उरले आहे? वर्षानुवर्षे पाजवून पाते अरुंद होते. मिटल्यावर ते मुठीत खूप खोल जात असेल किंवा टोक आखूड वाटत असेल, तर बरेच झिजलेले आहे. दोन पाती असतील तर दोन्हींची झीज जुळते का तेही पाहावे. एक नवेकोरे आणि एक झिजलेले असेल तर पाते बदलले असण्याची शंका घ्यावी.

कमान कशी आहे? चांगला चाकू उघडताना आणि मिटताना ठक् असा आवाज करतो. उघडलेले पाते डावी-उजवीकडे हलता कामा नये.

मुठीला तडे आहेत का? रिव्हेटजवळ बारीक तडे आधी पडतात. मुठीची पट्टी आणि धातू यांच्यात फट असेल तर मूठ आकसली आहे.

गंज की झाक? हे सर्वांत महत्त्वाचे, आणि मी इथेच चुकलो. साध्या पोलादावर काळाने करडी-निळसर झाक येते. ती गंज नव्हे. ती पाते खाऊन टाकत नाही, उलट चाकू जुना आणि न छेडलेला असल्याची ती खूण आहे. गंज तांबूस असतो आणि खाली खड्डे पाडतो. तांबूस गंजावर तेल लावून काही दिवसांनी कापडाने हलकेच पुसावे. करड्या झाकेला हात लावू नये. जाणकार माणूस घासून चमकवलेल्या चाकूला कमी भाव देतो, कारण घासताना पात्याबरोबर शिक्क्याच्या कडाही जातात, आणि गेलेले पोलाद परत येत नाही.

किंमत कशी ठरते?

आधी हा खरोखर संच आहे का ते पाहावे. एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे, मूळ खोक्यासह असलेले चाकू म्हणजे संच. त्यातला एक फुटला तरी बाकीच्यांची किंमत उतरते. आमच्यासारखे पाच देशी-विदेशी चाकू म्हणजे नुसता डबा. डब्याला एकत्र भाव देणारा माणूस बहुधा त्यातल्या एकाच वस्तूसाठी पैसे देत असतो आणि बाकीच्या त्याला फुकट पडतात. म्हणून प्रत्येक चाकूची किंमत वेगळी काढावी.

ती काढताना त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा, त्याच काळातला आणि तशाच अवस्थेतला चाकू प्रत्यक्ष किती रुपयांना विकला गेला ते शोधावे. विक्रेता मागतो तो आकडा धरू नये. मागायला कोणीही काहीही मागतो.

या हिशोबाने अमेरिकेचा चाकू आमच्या डब्यात पहिला आला. साल पक्के, आकडा मुठीशी जुळणारा, पाती जवळजवळ पूर्ण, कमान टणक. त्यामागे स्विस चाकू. तो लाखोंनी बनतो, त्यामुळे जुना असला तरी दुर्मीळ नाही. नकली रॉजर्सला बाजारात जवळपास काही मिळणार नाही. लोहाराच्या चाकूला नाव नाही, म्हणून भाव नाही. भांडीवाल्याच्या हाती पहिल्यांदा कोणता चाकू गेला होता, असे मी काकांना विचारले. ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "तो दोन पात्यांचा."

रिकामा आकडा

आता पणजोबांचा चाकू. ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांना असा चाकू सरकारी सामानात मिळत असे. दोरी अडकवायला एका टोकाला कडी, मुठीच्या दोन्ही बाजूंना चौकडी कोरलेल्या काळ्या पट्ट्या, एक रुंद पाते, डबा उघडायचे पाते आणि मागच्या बाजूला जाड टोकदार सळई. पात्याची धार सरळ असते आणि टोक बोथट, मेंढीच्या खुरासारखे. चालत्या गाडीत किंवा बोटीत दोर कापताना ते कुणाला भोसकू नये म्हणून. सळई घोड्याच्या नालेतला दगड काढायला असते, असे माझ्या बाबांनाही सांगितले गेले होते. उस्ताद यावर हसले. ती घट्ट गाठी सोडवायला आणि दोराचे पीळ उकलून दोन दोर एकमेकांत गुंफायला असते. लॅशिंगच्या तासाला भिजलेल्या दोराची गाठ ज्यांनी सोडवली आहे, त्यांना तिची किंमत कळेल.

या चाकूंच्या मुळाशी बनवणाऱ्याचे नाव, साल आणि बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते. हा सरकारी मालाचा बाण. कॅनडाच्या सामानावर तो 'सी' अक्षराच्या आत असतो, ऑस्ट्रेलियाच्या सामानावर दोन 'डी'च्या मध्ये, आणि ब्रिटिश काळातल्या भारतीय सैन्याच्या सामानावर त्याच्याखाली 'आय' असतो. म्हणजे हा शिक्का वाचता आला असता तर चाकू कोणी बनवला, कोणत्या सैन्याच्या कोठारातून दिला आणि कोणत्या साली बनला, हे तिन्ही कळले असते.

तिरप्या टॉर्चमध्ये मला दिसले ते एवढे : १, ९, ४. चौथा आकडा नाही. बाणाची डावी रेघ आहे, खालचा भाग नाही. नावाची दोन अक्षरे अर्धवट.

तो चौथा आकडा किती महत्त्वाचा होता पाहा. दोस्त सैन्य इटलीत उतरले सप्टेंबर १९४३ मध्ये. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे तिथे जुलै १९४४ मध्ये लढताना पडले, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेवटचा आकडा २ किंवा ३ असता, तर पणजोबांचा चाकू त्यांच्याबरोबर त्या डोंगरांत असल्याची गोष्ट शिक्क्याशी जुळली असती. ६ किंवा ७ असता, तर ती चुकीची ठरली असती. आता ती खरी असल्याचेही सांगता येत नाही आणि खोटी असल्याचेही नाही. ऐंशी वर्षे तो आकडा तिथे होता. मी तो दोन तासांत पुसला.

हे मी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितले. आजी गप्प बसली. काका मला समजावायला म्हणाले, "एवढं काय त्यात? साताऱ्याला नेऊ आणि सोनाराकडून कोरून घेऊ. १९४४ घालू. कुणाला कळणार आहे?"

खरे सांगतो, क्षणभर मला ते पटले. आकडा परत आला असता आणि माझी चूकही झाकली गेली असती. पण मग आमच्या चाकूत आणि 'डी' नसलेल्या रॉजर्समध्ये फरक काय उरला असता? माझ्यानंतर कोणीतरी भिंग लावून तो आकडा वाचला असता आणि विश्वास ठेवला असता. मी काकांना नाही म्हणालो. मोठ्यांना असे तोंडावर नाही म्हणायची मला सवय नाही. बाबांनी ताटातून वर पाहिले आणि म्हणाले, "राहू दे तसाच."

आजीने कपाटातून पणजोबांचे पदक काढून आणले. सहा टोकांचा तारा, फीत लाल, पांढरी, हिरवी. तो इटली स्टार. पणजोबा इटलीत होते, याचा पुरावा तो तारा आहे. चाकू इटलीत होता की नाही, याचा नाही. दोन्ही आम्ही एकाच डब्यात ठेवले आणि मी चिठ्ठी लिहिली :

"दिसते : १९४, पुढचा आकडा पुसलेला. बाणाची एक रेघ. सांगतात : पणजोबांनी इटलीतून आणला. पुसला : मी, दिवाळीच्या सुट्टीत."

"वाटते" हा रकाना मी रिकामा ठेवला.

अमेरिकेचा चाकू आता वेगळा ठेवला आहे. तो विकायचा की नाही हे काका आणि आजी ठरवतील, पण योग्य भाव काढूनच. मोटारीची दुरुस्ती बाबांनी केली. रॉजर्सचा चाकू आजीने पुन्हा मखमलीत गुंडाळला. मी म्हणालो, "आजी, तो साहेबाचा नाही." ती म्हणाली, "माहीत आहे आता. पण सासूबाईंनी माझ्या हातात दिला होता ना."

घरी गेल्यावर तुमचा डबा उघडा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चाकू घरीच राहू दे. आपल्या ट्रंकेत तो चालत नाही आणि विमानाच्या हातातल्या सामानातही नाही. आणि काहीही घासण्याआधी पात्याचे मूळ वाचून वहीत लिहून ठेवा. त्यानंतर तेलाचा एक थेंब पुरे.